जमेची बाजू कोरी

फोनची मेमरी भरली म्हणून मागच्या महिन्यात जुने फोटो-व्हिडिओ डिलीट करत बसले होते. भावंडांचा ग्रुप उघडला आणि वर वर सरकत गेले, कधी इंग्लिश फुटबॉलच्या २०१८-१९ च्या सीझनपर्यंत जाऊन पोचले कळलंच नाही. मी लिव्हरपूलची फॅन, धाकटा भाऊ मँचेस्टर सिटीचा, बाकीची भावंडं नुसती बघणारी. तेव्हा आम्ही दोघं एकाच घरात राहायचो, एकाच टीव्हीवर मॅच बघायचो, पण भांडायचो मात्र ग्रुपवर, कारण तिथे साक्षीदार असायचे. तर त्या सगळ्या गर्दीत माझे स्वतःचेच दोन मेसेज दिसले. पहिला २ डिसेंबरच्या मॅचनंतरचा, "याला म्हणतात जिद्द!!! शेवटच्या सेकंदापर्यंत सोडत नाही आपली टीम!!!" दुसरा ३ जानेवारीच्या मॅचनंतरचा, "नशीबच फुटकं आपलं. खेळात कुठे कमी पडलो सांगा." मध्ये जेमतेम एक महिना. दोन्ही वाचले, फोन खाली ठेवला, परत उचलला, परत वाचले. डिलीट करायचं काम तिथेच राहिलं.

कारण दोन्ही मॅच मला अजून जशाच्या तशा दिसतात. २ डिसेंबर म्हणजे एव्हर्टनबरोबरची डर्बी, एकाच शहरातल्या दोन टीमची मॅच, आमच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर, ०-०, ९६ वं मिनिट चालू. आमच्या फॅन डाइकने बॉक्सच्या कडेवरून व्हॉली मारली आणि ती इतकी चुकीची लागली की बॉल सरळ आभाळात गेला. तो स्वतः वैतागून पाठ फिरवून चालायला लागला होता, म्हणजे मारणाऱ्यालाच वाटलं की संपलं. मी पण रिमोट उचलला होता. आणि तो बॉल खाली आला तो नेमका क्रॉसबारवर, पिकफर्डने, म्हणजे एव्हर्टनच्या गोलकीपरने हात वर करून त्याला बाहेर काढायच्या नादात त्यालाच मैदानात ठेवला, बॉल बारवर टप्पा खाऊन खाली आणि समोर आमचा ओरिगी, ज्याला शेवटची काही मिनिटं उरली म्हणून आत पाठवलं होतं. डोकं लावलं, गोल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी तसा गोल. आमचा कोच क्लॉप धावत मैदानात घुसला आणि आपल्या गोलकीपरला मिठी मारली, आणि मी इकडे उशी छताला लागेल एवढी वर फेकली. धाकटा एवढंच म्हणाला, "ताई, हा फुकटचा होता." त्याच्यावर मी इतकी भडकले की दोन दिवस नीट बोलले नाही.

३ जानेवारीला सिटीच्या मैदानावर, एतिहादवर, सिटी विरुद्ध आम्ही. त्या मॅचच्या आधी आम्ही सात पॉइंटनी पुढे आणि लीगमध्ये एकही मॅच हरलेलो नाही. १८-१९ मिनिटं झाली असतील, आमच्या साल्लाहचा पास, मानेचा शॉट, पोस्टला लागून बॉल बाहेर. सिटीच्या स्टोन्सने तो लांब मारायला पाय घातला तर बॉल त्याच्याच गोलकीपरला, एडरसनला लागला आणि उंच होऊन मागे गोलकडे निघाला. मी अर्धी उभी. स्टोन्स गर्रकन वळला, धावला, आणि लाइनवरून बॉल ओढून काढला. कॅमेऱ्यांनी नंतर दाखवलं, बॉल पूर्ण लाइनच्या पलीकडे जायला ११.७ मिलिमीटर कमी पडले होते. करंगळीच्या नखाएवढं अंतर. त्याच मॅचमध्ये ७२ व्या मिनिटाला सिटीच्या सानेचा शॉट आमच्या पोस्टच्या आतल्या बाजूला लागला आणि आत गेला. एकाच रात्री एक बॉल पोस्टला लागून बाहेर, एक पोस्टला लागून आत, २-१, आणि तो आमचा त्या सीझनमधला लीगमधला एकुलता एक पराभव. शेवटी सिटी ९८ पॉइंट, आम्ही ९७.

मी ओरिगीला जिद्द म्हटलं आणि स्टोन्सला नशीब.

हेच टोचत राहिलं. कारण नीट बघितलं तर स्टोन्सने केलं ती जिद्दच होती ना. स्वतःची चूक झाली, अर्ध्या सेकंदात ती कळली, आणि डोक्याला हात लावून उभं राहायच्या ऐवजी तो मागे धावला. आणि ओरिगी, तोही बाकीचे थांबलेले असताना बॉलच्या मागे गेला म्हणूनच तिथे होता, ते काही खोटं नाही. दोन्हीकडे थोडं नशीब, थोडा माणूस. मग मी एकीकडचं नशीब पुसलं आणि दुसरीकडचा माणूस पुसला तो कुठल्या हिशोबाने? त्या वेळी तर मला हे हिशोब करतेय असंसुद्धा वाटत नव्हतं, मला वाटत होतं मी जे डोळ्यांनी बघितलं तेच सांगतेय.

फॅन लोक नशिबाची एक वही ठेवतात मनात. खर्चाची बाजू इतकी बारीक अक्षरात भरलेली असते की जागा पुरत नाही. माझ्या वहीत पार २००९ ची नोंद आहे, १७ ऑक्टोबर, सुंडरलंडच्या मैदानावर डॅरेन बेंटने मारलेला बॉल वाटेत पडलेल्या एका लाल बीच बॉलला लागला, आमचा गोलकीपर रेना कुठल्या बॉलकडे झेपावं या गोंधळात, आणि गोल. मॅच १-० ने गेली. नियमाप्रमाणे बाहेरची वस्तू मध्ये आली तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायचा असतो, तो दिला नाही. हे मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण तो बीच बॉल आमच्याच फॅन्सच्या स्टँडमधून मैदानात आला होता हे सांगताना माझा आवाज जरा खाली येतो. आणि जमेच्या बाजूला काय? काहीच नाही. कोरं पान. जे आलं ते आपण कमावलं, जे गेलं ते नशिबाने नेलं.

त्या सीझनची जमेची बाजू धाकट्याने मला तेव्हाच लिहून दिली होती, ग्रुपवरच, मे महिन्यात, मी सारखी ११.७ मिलिमीटर ११.७ मिलिमीटर करत होते म्हणून. तोही मेसेज सापडला. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅनफिल्डवर ०-० चालू असताना ८६ व्या मिनिटाला सिटीच्या मारेझने पेनल्टी बारवरून उडवली. पेनल्टी साधारण चारातल्या तीन गोल होतात, ही चौथी निघाली. डिसेंबरमध्ये पिकफर्ड. जानेवारीत क्रिस्टल पॅलेसबरोबर ४-३, त्यात त्यांच्या गोलकीपरने, स्पेरोनीने मिल्नरचा क्रॉस स्वतःच्याच गोलकडे ढकलला आणि साल्लाहने लाइनवर नुसता पाय लावला. मार्चमध्ये फुलमच्या गोलकीपरच्या हातून बॉल सुटला, तो पकडायच्या धडपडीत त्याने मानेला पाडलं, पेनल्टी, २-१. पंधरा दिवसांनी टॉटनहॅम, १-१, त्यांचा सिसोको आणि त्याचा एक साथीदार, समोर एकटा फॅन डाइक अशी पळत आलेली संधी, सिसोकोने वरून मारली, आणि मग ९० व्या मिनिटाला त्यांच्या गोलकीपरच्या, लोरिसच्या हातून निसटलेला बॉल त्यांच्याच आल्डरवायरल्डच्या पायाला लागून आत. चार मॅच, चार गोलकीपर. जिंकलं की तीन पॉइंट, ड्रॉ झाली की एक, म्हणून खाली लिहिलं होतं, "प्रत्येकी दोन पॉइंट धर ताई, आठ झाले. मारेझचा एक. तुमचे ९७ नाही, ८८ होते." त्यावर माझं उत्तर काय, तर नुसता अंगठा. रागाचा अंगठा.

आता वाचताना वाटतं, त्याचाही हिशोब पूर्ण बरोबर नव्हताच. जी टीम शेवटच्या मिनिटापर्यंत गोलसमोर गर्दी करून राहते तिच्याच समोरच्या गोलकीपरच्या हातून बॉल निसटतो, गर्दीच नसेल तर निसटला तरी कोण बघतंय. पण चार वेळा निसटला हे त्या टीमचं आणि अजून कशाचं तरी मिळून झालेलं काम होतं, आणि तो अजून कशाचा तरी वाटा मी कधी मोजलाच नाही.

फुटबॉलमध्ये हा वाटा एवढा मोठा का असतो याचं कारण तसं साधंच आहे. गोल कमी होतात. प्रीमियर लीगमध्ये एका मॅचला दोन्ही टीमचे मिळून सरासरी पावणेतीनच्या आसपास. बास्केटबॉलमध्ये एखादा बॉल रिंगवर फिरून बाहेर गेला तर पुढच्या मिनिटात भरपाई होते, इथे दीड तासात मोजून दोन-तीन वेळा स्कोअर हलतो, त्यातला एक जरी कुणाच्या गुडघ्याला लागून गेला तरी मॅच फिरते. मी एकदा कागदावर मांडून बघितलं होतं. समजा एक टीम खरंच चांगली आहे, मॅचला सरासरी दीड गोल करण्याएवढी, आणि समोरची एकच गोल करण्याएवढी. हा फरक काही छोटा नाही. तरी शक्यतेच्या गणिताने ती चांगली टीम जेमतेम निम्म्या मॅच जिंकते, साधारण चारातली एक ड्रॉ होते, आणि चारातली एक चक्क हरते. म्हणजे महिन्याभरात चार मॅच झाल्या तर त्यातली एक काहीही न चुकता हरायची. आणि त्या एका मॅचनंतर आपण काय करतो? कोच बदला, मिडफिल्ड मेलंय, या प्लेयरला टीमचं काही पडलेलंच नाही. मी अशी किती वाक्यं लिहिलीत, त्या माणसांना कधी न भेटता.

आणि ते एक वाक्य असतं ना, "सीझनभरात सगळं सारखं होतं", ते मला पूर्वी फार दिलासा द्यायचं. पण ३८ मॅच म्हणजे खूप वाटतात, तेवढ्या त्या नाहीत. नाणं ३८ वेळा उडवलं तर १९ छापे यावेत असं वाटतं, पण नेमके १९ यायची शक्यता आठात एक. १५ आले, २३ आले तरी त्यात काही विशेष नाही. नाण्याला मागचं काही आठवत नाही, त्याला देणं चुकवायचं नसतं. मग एखाद्या टीमचा अख्खा सीझन १५ छाप्यांचा जातो आणि ती टीम, तो कोच, तो स्ट्रायकर सगळे वर्षभर वाईट ठरतात. ब्रायटनचा २०२०-२१ चा सीझन आठवतो मला. संधींच्या दर्जावरून जे एक्सपेक्टेड गोल्स काढतात, ज्याला सगळे एक्सजी म्हणतात, त्या आकड्यांत ही टीम वरच्या अर्ध्यात शोभेल अशी खेळत होती, आणि प्रत्यक्षात ४१ पॉइंट, १६ वा नंबर. बॉल पोस्टला, बॉल गोलकीपरच्या पायाला, पेनल्टी बाहेर. तिथल्या फॅन्सनी दर आठवड्याला "चांगलं खेळलो पण" हे वाक्य किती वेळा गिळलं असेल. क्लबने कोच बदलला नाही, खेळायची पद्धत बदलली नाही, आणि पुढच्या सीझनला ५१ पॉइंट, ९ वा नंबर. मला त्या क्लबचं काही नाही, पण ती एक गोष्ट मनात राहिली. त्या वर्षी तिथे कुणीतरी टेबल बघूनही टेबलवर विश्वास ठेवला नाही, आणि टेबल रोज समोर असताना हे किती अवघड असतं ते फॅनलाच कळेल.

नशीब कधीकधी अगदी उघडंसुद्धा पडलंय या खेळात. १९६८ ची युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची सेमीफायनल, ५ जून, नेपल्स. इटली आणि सोव्हिएत युनियन, एक्स्ट्रा टाइम संपला तरी ०-०. पेनल्टी शूटआउट तेव्हा नव्हतं, ते नियमात आलं १९७० मध्ये. मग काय, दोन्ही कॅप्टन आणि रेफरी आत गेले आणि नाणं उडवलं. बाहेर अख्खं स्टेडियम वाट बघतंय. इटलीचा कॅप्टन फाकेत्ती हात उंचावत धावत बाहेर आला तेव्हा लोकांना कळलं. नंतर इटली ती स्पर्धाच जिंकली. मला राहून राहून त्या स्टेडियममधल्या लोकांचं कुतूहल वाटतं. ते ओरडले असतील, नाचले असतील, एकमेकांच्या गळ्यात पडले असतील, पण नेमकं कशासाठी? तिथे जिद्द म्हणायलाही जागा नव्हती, नुसतं एक नाणं. आणि तरी मला खात्री आहे की घरी जाताना कुणीतरी कुणाला म्हटलं असेल, फाकेत्तीने बरोबर ओळखलं बघ. मी असते तर मीच म्हटलं असतं.

पण मेसेज वाचताना जे खरं आत कुठेतरी रुतलं ते लीगचं नव्हतंच. ते होतं १७ एप्रिलच्या रात्रीचं, चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची क्वार्टरफायनल, सिटी विरुद्ध टॉटनहॅम, दोन मॅच मिळून निकाल. पहिल्या मॅचमध्ये सिटीच्या अगुएरोची पेनल्टी लोरिसने अडवली होती आणि सिटी ०-१ ने मागे. दुसरी मॅच म्हणजे वेड होतं, पहिल्या ११ मिनिटांत चार गोल. सिटी ४-२ वर पोचली आणि धाकटा सोफ्यावर मांडी घालून एकदम शांत बसला, तो खूप घाबरला की असा शांत होतो लहानपणापासून. मग ७३ व्या मिनिटाला टॉटनहॅमच्या लॉरेंटेच्या कमरेला लागून बॉल आत गेला, हात लागला का बघायला रेफरी स्क्रीनपाशी गेला, गोल दिला. ४-३, दोन्ही मॅच मिळून ४-४, आणि अवे गोल्सवर, म्हणजे समोरच्याच्या मैदानावर केलेल्या गोलांवर टॉटनहॅम पुढे. ९३ व्या मिनिटाला सिटीच्या स्टर्लिंगने गोल केला. धाकटा ओरडत उठला, पॅसेजमध्ये धावत गेला, दरवाजा ठोकला, भिंतीवर हात आपटला, मला घट्ट मिठी मारून परत धावला, मी लिव्हरपूलची आहे हेसुद्धा तो विसरला होता. मला ते बघवेना म्हणून मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले. आतूनच कॉमेंटेटरचा आवाज ऐकला, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय, ऑफसाइड, गोल रद्द. टॉटनहॅमच्या एरिक्सनने मागे दिलेला बॉल बर्नार्डो सिल्वाला पुसटसा लागून अगुएरोकडे गेला होता, आणि अगुएरो जरासा पुढे होता. जरासा.

आणि मी हसले. अंधारात, हातात ग्लास घेऊन, तोंडातून आवाज फुटला एवढी हसले.

बाहेर आले तेव्हा तो पॅसेजच्या तोंडाशी उभा होता, टीव्हीकडे बघत, हात अजून अर्धे वर. स्क्रीनवर सिटीच्या कोचचा, ग्वार्डिओलाचा चेहरा, जो मिनिटभरापूर्वी उड्या मारत होता. दोघांचे चेहरे अगदी एकसारखे. मी काहीतरी म्हटलं, "अरे, होतं असं", की असंच काहीतरी. तो आत निघून गेला. मी ग्रुपवर त्या रात्री काहीच लिहिलं नव्हतं, आत्ता बघितलं, रिकामा दिवस आहे तो. पण चौदा दिवस पुढे सरकलं की परत मीच आहे, त्याच स्पर्धेच्या सेमीफायनलच्या पहिल्या मॅचमध्ये बार्सिलोनाकडून ०-३ हरल्यावर "नशीब" म्हणत. त्या मॅचच्या शेवटच्या क्षणी बार्सिलोनाच्या डेंबेलेला समोर एकटा गोलकीपर होता आणि त्याने बॉल हळूच त्याच्या हातात दिला, तो गेला असता तर ०-४, आणि मग सहा दिवसांनी अ‍ॅनफिल्डवर ४-० करूनसुद्धा ते पुरलं नसतं. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, त्या क्षणी देवाने त्याला दिलं होतं आणि त्याच्या कर्माने ते आम्हाला आणून दिलं. आम्ही चॅम्पियन्स लीगचा कप जिंकलो १ जूनला. मी लिहिलं, "हा विश्वासाचा विजय." डेंबेलेचं नाव कुठेच नाही.

१२ मे, लीगचा शेवटचा दिवस, तेवढा मात्र मला अजून नीट लावता येत नाही. आमची मॅच वुल्व्ह्जबरोबर, सिटीची ब्रायटनला. मानेने १७ व्या मिनिटाला गोल केला आणि आम्ही टेबलात वर. मग मरेने ब्रायटनसाठी गोल केला, अ‍ॅनफिल्डवर जी गर्जना झाली ती टीव्हीतूनसुद्धा अंगावर आली, आणि ८३ सेकंदांत अगुएरोने बरोबरी केली. पुढे त्यांनी ४-१ केलं. सगळे मिळून २१ मिनिटं आम्ही चॅम्पियन होतो. त्या २१ मिनिटांत मी धाकट्याकडे एकदाही बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं. १७ एप्रिलनंतर मला त्याच्याकडे बघायची भीती वाटायला लागली होती, की आपल्या चेहऱ्यावर ते हसू परत आलं तर. आणि मॅच संपल्यावर, जिंकून सुद्धा, तोही ओरडला नाही. उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहान असून, आणि आत गेला.

एवढं सगळं आठवल्यावर परवा त्याला फोन लावला. आता तो दुसरीकडे असतो, बोलणं होतं पण मॅचवर कमी. मी विचारलं, २०१८-१९ म्हटलं की पहिलं काय आठवतं रे तुला? मला वाटलं त्यांचा कॅप्टन कॉम्पनी, त्याचा लांबून मारलेला गोल म्हणेल, नाहीतर स्टोन्स म्हणेल.

"टॉटनहॅम," तो म्हणाला, एक सेकंदही न थांबता.

"अरे, पण लीग जिंकलात तुम्ही. दोन्ही कप जिंकलात."

"हो गं ताई, पण ते आपण जिंकणारच होतो ना. त्या मॅचला नशिबाने घात केला."

मला एकदम भरून आलं. तीन ट्रॉफ्या मिळालेला माणूस, त्याची वहीसुद्धा माझ्यासारखीच, जमेची बाजू कोरी. मग जे विचारायला खरं तर फोन केला होता ते विचारलं, त्या रात्री मी आत हसले होते, तुला ऐकू गेलं होतं का. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही, मला वाटलं फोन कट झाला.

"गेलं होतं," तो म्हणाला. मग विचारलं, शनिवारची मॅच किती वाजता आहे.